ते नाव वांग्याचं नव्हतं

"पाटी पुसा," साहेब म्हणाले.

अकोल्याच्या कृषी प्रदर्शनात, भर दुपारी, माह्या टेबलासमोर. साहेबांच्या मांगं दोन माणसं उभी, इस्त्रीच्या शर्टातली, एकाच्या हातात फाईल. माह्या टेबलावर रोपांचे ट्रे होते, टोपलीभर वांगी होती, आन टेबलाले टेकवून ठेवलेली पाटी होती. पाटीवर म्याच खडूनं लिहिलं होतं की अमुक वांग्याची रोपं इथं भेटतील. अमुकच्या जागी एक नाव होतं. तीन अक्षरांचं.

"काहून जी?" म्या विचारलं.

"हे नाव आमच्याकडे नोंदलेलं आहे. कायद्यानं. दुसऱ्या कुणालाही वापरता येत नाही."

मले हासूच आलं. खरं सांगते. मले वाटलं साहेब मजाक करून राहिले. म्हटलं, "अवो साहेब, हे तं माहं नाव आहे."

"तुमचं? आधार दाखवा."

म्या बटव्यातून आधार काढलं आन देल्लं. मोठ्या माणसानं मागतलं की द्यायचं, येवढंच शिकलो आपण. साहेबांनी कार्ड वर धरलं आन मोठ्यानं वाचलं, मास्तर नापास पोराचा पेपर वर्गात वाचतात तसं. "बघा हो, कार्डावर काय नाव आहे बघा. आणि पाटीवर काय लिहिलंय ते बघा. ही बाई म्हणते, पाटीवरचं नाव तिचं आहे."

लोक जमले होते. बाजूच्या पापडवाल्या बाया, फवारणीचे पंप विकणारा, रोपं घ्यायले आलेले चार-सहा शेतकरी. आधी एकजण हासला, मंग सगळेच. कोणीतरी मांगून म्हटलं, "मावशी, वांग्याचं नाव घेता काय आता?" परत हासू. मीबी हासली, मेली. लाज वाटली की माणूस हासते.

"वांगी विका ना, कोण नाही म्हणतंय?" साहेब म्हणाले. "नुसती वांगी विका. नाव तेवढं पुसा. ते फडकं घ्या."

फडकं माहंच होतं. वांगी सुकू नये म्हणून मी टोपलीवर ओलं फडकं टाकते, ते. म्या ते उचललं आन पुसलं. तीन अक्षरं, तीनदा हात फिरवला. खडूचं पांढरं पाणी ओघळून माह्या पायावर पडलं. फाईलवाल्यानं त्याचा मोबाईलवर फोटो काढला.

मी इथं कोणाचंच नाव लिहिणार नाही. साहेबांचं नाही, गावाचं नाही, नवऱ्याचं नाही. माहं तं नाहीच. माहं नाव सध्या एका फाईलीत अडकलं आहे. ते सुटंस्तोवर बाकीच्याईनंबी बिननावाचं राहावं, पाहावं कसं वाटते ते.

माहं माहेर पातूरच्या बाजूले. बाप भाजीपाला आन फुलं करे. झेंडू, शेवंती, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर. आमी तिघी बहिणी. माय दुसरीपर्यंत शिकलेली. तिले लिहिता येत होतं ते फक्त आमच्या तिघींची नावं. मी सातवीपर्यंत शाळेत गेली, मंग वाडीत. लग्न झालं एकोणिसाव्या वर्षी, भातकुलीकडच्या एका गावात. तेबी भाजीवालेच लोक.

ज्याले आमच्यातलं लग्न माहीत नाही त्याले सांगते. नवरी घरात आली, माप ओलांडलं, की तिले पाटावर बसवतात. परातीत तांदूळ पसरतात. नवरा अंगठीनं तांदळात नाव लिहिते. नवरीचं नवं नाव. भटजीनं पत्रिका पाहून अक्षर काढून देल्लं होतं, सासूनं त्यावरून नाव ठरवलं होतं. मले कोणी विचारलं नाही, आन विचारायचं असते हे मलेबी माहीत नव्हतं. नणंद म्हणे, "वाच ना वहिनी, काय लिहिलं?" म्या वाचलं. सगळ्याईनं टाळ्या वाजवल्या. पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात केला आन मीबी तो खाल्ला.

पहिले पंधरा दिवस मले हाक मारली तं मी वळतच नव्हती. सासू म्हणे, "बहिरी आहे काय वो?" मंग सवय झाली. राशन कार्डावर तेच नाव आलं, मतदानाच्या कार्डावर तेच, बँकेत तेच, आधारवर तेच. जुनं नाव कागदावरून गेलं, लोकाईच्या तोंडातून गेलं. मायबाप मेल्यावर तं ते घ्यायले दोन बहिणीच उरल्या, त्याबी वर्षातून एखांद्या वेळेस भेटत.

पण एका जागी ते राहिलं होतं. मायनं माह्या पेटीत बियाची पुरचुंडी टाकली होती. आमच्या वाडीतल्या वांग्याचं बी. काटेरी देठ, जांभळ्या अंगावर पांढऱ्या रेघा, बुटकं वांगं. तिघी बहिणींच्या तीन पुरचुंड्या. कोणती कोणाची ते कळावं म्हणून मायनं प्रत्येकीवर प्रत्येकीचं नाव लिहिलं. शाईच्या पेनानं, कापडावर, वाकडंतिकडं.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तिथं दुसरी वांगी पिवळी पडत, हे वांगं टिकलं. आन चवीले असं की रोडग्याच्या जेवणात लोक रोडगे कमी आन भाजी जास्त खात. दुसऱ्याच वर्षी आठवडी बाजारात एका बाईनं सासूले बी मागतलं. सासूनं पुरचुंडी पुढं केली. ती बाई शिकलेली होती, तिनं वरचं नाव वाचलं. "हे वांग्याचं नाव काय वो?" तिनं विचारलं.

सासूनं एकदा माह्याकडं पाहिलं. मी बाजूले पोत्यावर बसून वांगी पुसत होती.

"होय," सासू म्हणाली. "तेच नाव आहे."

काय सांगन ती तरी? हे माह्या सुनेचं आधीचं नाव आहे, आमी ते बदललं, असं कोणी बाजारात बसून सांगते काय? आन मीबी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तं आज हे लिहायची पाळी आली नसती.

मंग ते नाव पसरलं. एका गावातून दुसऱ्या गावात, बियासंगं. वीस वर्षांत भातकुलीपासून अमरावतीच्या भाजीबाजारापर्यंत. लग्नाच्या स्वयंपाकाची ऑर्डर घेणारे आचारी निरोप पाठवत, भाजी त्याच वांग्याची पाहिजे, दुसरं चालणार नाही. मी रोपं करू लागली. लोक दुरून येत आन वाडीच्या फाटकातून ओरडत, "अवो, अमुक आहे काय?" माहं नाव घेत. मी म्हणे, "आहे ना, या." वांग्यासाठी म्हणे. पण आतून मले लय बरं वाटे. कोणाले सांगता येत नव्हतं असं बरं वाटे. घरात सासू-नवऱ्याले सगळं माहीत होतं, पण त्यावर कोणी कधी बोललं नाही.

पाटी पुसायले लावणारे हे साहेब मले भेटले ते आठ-नऊ वर्षांमांगं. अमरावतीत त्याईचं बी-बियाणं आन रोपांचं मोठं दुकान. आजोबा पूजापाठ सांगणारे, वडील नावाजलेले वकील, भाऊ कॉलेजात शिकवणारे, साहेब सोता वकिली शिकून धंद्यात पडलेले. गोड बोलणं. मी त्याईले रोपं पोचवायची. दुकान बंद असलं की घरी. घरी गेलं की मांगच्या दारानं जायचं, चपला नळाजवळ काढायच्या, ओट्याच्या खालच्या पायरीवर बसायचं. चहा भेटे. माहा कप खिडकीत वेगळा ठेवलेला, कान तुटलेला. पिऊन झाला की मीच धुवायची आन उपडा घालून ठेवायची. कोणी मले तसं सांगतलं नव्हतं. न सांगता कळते ना आपल्याले, आपली जागा कोणती ते.

दोन वर्षांमांगं साहेबांनी मले आन नवऱ्याले बोलावलं. ओट्यावर. त्या दिवशी वर, खुर्चीवर बसवलं.

"या वांग्याचं नाव कुठून आलं हो?" साहेबांनी विचारलं. "कुणा बाईचं आहे का?"

नवऱ्यानं माह्याकडं पाहिलं. म्या खाली पाहिलं.

"कोणाचं नाही जी," म्या म्हटलं. "वांग्याचंच नाव आहे. पहिलेपासून."

मी हे काहून म्हटलं, हे म्या सोताले शंभरदा विचारलं आहे. भेव नव्हतं. कोणी धमकावलं नव्हतं. नवरा बाजूले बसला होता आन परक्याच्या ओट्यावर माहेरचं नाव आपलं म्हणायची लाज वाटली. बाई अजून माहेर मिरवते म्हणतील, असं वाटलं. बस येवढंच.

"मग तसं लिहून द्या," साहेब म्हणाले. "रोपं घ्यायला असा कागद लागतो आता." कागद तयारच होता, इंग्रजीतला, स्टँप लावलेला. म्या सही केली. तांदळातल्या नावानं. नवऱ्यानंबी साक्षीदार म्हणून केली.

त्या दिवशी चहा चांगल्या कपात आला. बशीसकट. मले किती बरं वाटलं होतं, सांगू! गावात येऊन दोघी-तिघींले सांगतलं म्या, साहेबांनी खुर्चीवर बसवून बशीत चहा देल्ला. थू माह्या जिंदगानीवर.

प्रदर्शनाच्या आठ दिवसांनी रजिस्टर पोस्टानं नोटीस आली. ती घेऊन मी अकोल्याले एका वकीलबाईकडं गेली. माह्याच वयाची, तोंडानं फटकळ. तिनं नोटीस वाचली, माही कहाणी ऐकली, आन मले पहिलाच प्रश्न केला, "तुमाले काय वाटते, आपलं नाव आपल्या मालकीचं असते?"

"मंग कोणाचं असते?"

"तसं पाहिलं तं कोणाचंच नाही. तुमच्या नावाच्या हजार बाया असतीन जिल्ह्यात, तुमी कोणालेच रोखू शकत नाही. नुसत्या नावाले कायदा कुंपण घालत नाही. पण त्या नावानं माल विकला, लोकाईनं त्या नावावरून माल ओळखला, तं धंद्यासाठी ते नाव नोंदता येते. यानं तेच केलं. बियासाठी आन रोपांसाठी तुमचं नाव नोंदून घेतलं."

"मंग माहं संपलं म्हणा की."

"ऐका तं खरं. जिवंत माणसाचं नाव असलं की नोंदणीवाले त्याची लेखी संमती मागू शकतात. आन जो सोताचं नाव इमानदारीनं वापरते, नाहीतं नोंदीच्या पहिलेपासून वापरून राहिला, त्याले असं अडवता येत नाही. तुमी तं दोन्ही बाजूनं बसता."

मले वाटलं सुटली. मंग बाईनं कॉम्प्युटरवर ती नोंदणीची फाईल उघडली. म्हणे ती कोणालेबी पाहता येते. एक कागद छापून माह्यासमोर ठेवला. खाली माही सही. बाईनं मराठीत वाचून दाखवलं. की हे नाव कोणत्याही जिवंत व्यक्तीचं नाही. हे फक्त वांग्याच्या जातीचं नाव आहे. सदर अर्जदाराने ते वापरल्यास माझी हरकत नाही.

"ही सही तुमची?"

"माही."

"म्हणजे तुमी जिवंत नाही असं तुमीच लिहून देल्लं," बाई म्हणाली. मंग तिलेबी वाईट वाटलं असन, तिनं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

बाईनं दोन गोष्टी मागतल्या. एक, त्या नावाची पोरगी होती याचा पुरावा. दोन, ती पोरगी म्हणजे मीच, हे सांगणारा सासरचा माणूस. "माहेरचं कोणीबी सांगन," ती म्हणाली. "पण ज्या घरानं नाव बदललं त्या घरानं सांगतलं पाहिजे."

पहिली गोष्ट सोपी वाटली होती. मी पातूरकडच्या माह्या शाळेत गेली. हेडमास्तर भला माणूस. त्यानं दाखल-खारीजचं जुनं रजिस्टर कपाटातून काढलं तं त्यातून भुसाच पडला. वाळवी. तो एकेक पान उलटे आन मी वरचं वर्ष पाहत जाई. अर्धी पानं चाळण झालेली. माहं वर्ष आलं. पानाचा खालचा कोपरा गेलेला होता. दोन ओळी आणखी खाल्ल्या असत्या तं मी गेली होती. पण नाव होतं. नाव, बापाचं नाव, आडनाव, जन्मतारीख. म्या त्यावर बोट ठेवलं आन मले रडू फुटलं. मास्तर म्हणे, "बाई, बोट काढा, शाई पुसन."

दुसरी गोष्ट घरात होती. नवऱ्याले म्हटलं, तुमी सांगा.

"काय सांगू? आमी देल्लेलं नाव तुले खुपते काय?" तो म्हणाला. "वीस-पंचवीस वर्ष त्या नावानं खाल्लंपेल्लं, आन आता कोर्टात जाऊन म्हणशील मी ती नाही? लोक थुकतीन तोंडावर. आन साक्षीदार म्हणून माहीबी सही आहे त्या कागदावर. मले जेलात घालतं काय?"

मंग मोटरसायकलवाला येऊ लागला. प्रदर्शनातला, फाईलवाला. वाडीच्या फाटकाशी गाडी उभी करे, गाडीवरूनच बोले. पहिल्यांदा म्हणाला, "साहेब म्हणतात मिटवून टाका, वहिनी." दुसऱ्यांदा नवऱ्याले म्हणाला, "विहिरीले कठडा नाही वाटते तुमच्या? घरात म्हातारं माणूस आहे, सांभाळून राहा." तिसऱ्यांदा गाडी चालूच ठेवून पाच मिनिटं पाहत राहिला आन गेला. त्या दिवसापासून सासू विहिरीकडं एकटी जाईना.

साहेबांचा निरोप आला की मोठ्या मनानं परवानगी देतो. पाटीवर नाव लिहा, खाली आमच्या परवानगीनं असं लिहा, कागदावर सही करा, नोटीस परत घेतो. नवऱ्यानं हातच जोडले मले. "कर सही. नाव तं वापरता येईन ना? आणखी काय पाहिजे तुले?" आन मी तयार झाली होती. खोटं काहून सांगू? थकली होती. म्हटलं उद्या जाऊन करून टाकू.

त्या दुपारी सासू आन मी अंगणात बी काढत बसलो होतो. बियासाठी ठेवलेली वांगी पिकून पिवळी होतात, ती फोडून पाण्यात चोळायची, बी खाली बसते. सासू आता पंचाहत्तरीची. म्या असंच विचारलं, "आत्याबाई, तुमचं माहेरचं नाव काय होतं वो?"

तिचे हात पाण्यात थांबले. तिनं तोंड उघडलं, मंग मिटलं. वर पाहिलं, मंग बाजूले पाहिलं.

"आठवत नाही वो," ती म्हणाली.

"असं कसं आठवत नाही?"

"नाही ना. माय अंगणातून हाक मारे. तिचा आवाज आठवते. कशी मारे तेबी आठवते, लांबवून. पण काय म्हणे ते आठवत नाही." मंग पोरीसारखी घाबरून माह्याकडं पाहू लागली. "काय होतं वो? कोणाले विचारू आता? सगळे मेले माहे."

मोटरसायकलवाल्याचं मले भेव वाटलं होतं, पण येवढं नाही. ती बाई पंचाहत्तर वर्षांची होऊन आपलं नाव शोधत होती आन सांगणारं कोणी नव्हतं. म्या पाहिलं की मी सही केली तं मीबी एक दिवस अशीच बसणार आहे, बियाच्या पाण्यात हात घालून.

दुसऱ्या दिवशी गेली साहेबांकडं. नवरा संगं. मी पुढच्या दारानं गेली, चपला घालून, आन ओट्यावरच्या खुर्चीवर बसली. कोणी म्हणायच्या आधी. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. चहा आला. तोच कप, कान तुटलेला.

"एक वर्षाची परवानगी देतोय," साहेब म्हणाले. "दरवर्षी यायचं, नवी घेऊन जायची. या ओळीवर सही करा."

"साहेब, हे माहं नाव आहे," म्या म्हटलं. "माह्या मायनं ठेवलेलं. परवानगी पाहिजे असन तं तुमी मले मागा. आन मी देत नाही."

नवरा खोकला. साहेब हासले. "तुम्हीच लिहून दिलंय, बाई, की हे कुणाचं नाही."

"खोटं लिहून देल्लं. लाजेपायी. आता लाज संपली."

कप तसाच ठेवला, भरलेला, आन उठली. जिंदगानीत पहिल्यांदा त्या घरचा कप म्या धुतला नाही. पायरी उतरताना मांगून आवाज आला, एकदम मऊ, "बघा हं. कोर्टकचेरी तुम्हाला झेपायची नाही. आणि रोपं फार नाजूक असतात."

इथून पुढं मी त्याले साहेब म्हणणार नाही.

दहाव्या दिवशी सकाळी शेडनेटमध्ये गेली तं ट्रेच्या ट्रे पिवळे पडलेले. पानं वळलेली, देठ काळे, रोपं आडवी. वास आला तेव्हा कळलं, तणनाशक. एका बाजूची जाळी माणूस जाईन येवढी कापलेली. तीन महिन्यांची मेहनत. मी मधात उभी राहून बोंबलली, जोरात, छाती पिटून. पोलिसाईनं लिहून घेतलं, अज्ञात इसम. कोणी केलं ते म्या पाहिलं नाही, म्हणून मीबी नाव घेत नाही. पण रोपं नाजूक असतात हे वाक्य मले पाठ आहे.

सासू काठी टेकत आली. ट्रेमधलं एक रोप तिनं उचललं, हातावर ठेवून पाहिलं. नवरा म्हणाला, "घे. भेटलं समाधान?" मले म्हणाला तो. सासूनं त्याच्याकडं पाहिलंबी नाही.

"कुठी अंगठा द्यायचा असते?" तिनं मले विचारलं. "चाल."

दोघी एसटीनं अकोल्याले गेलो. वकीलबाईनं विचारलं, आजी, काय सांगायचं आहे? सासू खुर्चीवर ताठ बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आन बोलली. बाईनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. "ते नाव वांग्याचं नव्हतं. माह्या सुनेचं होतं. आमी ते काढून घेतलं. परातीत दुसरं लिहायले पोराले म्याच लावलं. बाजारात खोटंबी म्याच सांगतलं. ही तीच पोरगी आहे." मंग अंगठा देल्ला. बाहेर आल्यावर शाईचा अंगठा पदराले पुसत मले म्हणाली, "माहं आठवलं तं तेबी लिहून ठेव वो कुठीतरी." अजून आठवलं नाही.

माह्या अर्जावर म्या सही केली, जुन्या नावानं. सातवीनंतर पहिल्यांदा. अक्षर तसंच निघालं, सातवीतल्या पोरीचं, गोल गोल, शाळेतलं. बाई म्हणाली, सही नीट जमत नसन तं दुसरा कागद देते. म्हटलं, राहू द्या, हेच माहं अक्षर आहे.

नोंद रद्द करायचा अर्ज लागला आहे. निकाल कधी, काय, बाईबी सांगत नाही. म्हणते, तुमचाच जुना कागद तुमच्या विरोधात उभा राहीन, आन खोटं लिहून देल्लं कबूल केलं त्याचा त्रासबी होईन. होऊ द्या. त्याच्या वकिलानं नवी नोटीस पाठवली आहे, पहिलीपेक्षा जाड. मोटरसायकल अजून फाटकाशी थांबते. विहिरीले आमी कठडा बांधला. नवरा माह्याशी बोलत नाही, ताट मात्र माह्याच हातून घेते. गावात दोन बायाईनं मले विचारलं, तुमाले आता काय म्हणून हाक मारायची? म्या सांगतलं. एकीनं मारली. मी वळली.

पुरचुंडीतलं बी होतं, म्हणून परत टाकलं. रोपं चार पानांवर आली आहेत. पुढच्या महिन्यात अकोल्यात परत प्रदर्शन आहे, आन माहा टेबल मागच्याच जागी मागून घेतला. वकीलबाई म्हणाली, निकाल लागंस्तोवर पाटी नाही लावली तं बरं. म्या ऐकून घेतलं. घरी येऊन पाटी घासली, सुकवली आन लिहिली. या वेळेस खडूनं नाही, ऑइलपेंटनं, लाल, वीतभर उंच तीन अक्षरं. खाली परवानगी-बिरवानगी काही नाही.

त्याले पुसायची असन तं त्यानं सोता यावं, चारचौघांत, आन आपल्या हातानं खरडावी. फडकं मी देणार नाही.